मोठी डिझेल सेडान आणि आपले घाटरस्ते

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मोठ्या डिझेल सेडान आता सर्रास दिसतात. त्यातल्या बऱ्याच वापरलेल्या असतात. पुण्या-मुंबईहून, गोव्याहून येतात, आणि दिल्ली परिसरात दहा वर्षे झालेल्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्याही येऊ लागल्या आहेत. अशी गाडी चालवण्याचा आनंद खरा आहे, तो कुणी नाकारू नये. पण ती हलक्या पेट्रोल गाडीसारखी चालवली की घाटात चालकाला चकवते आणि गावात आतून काजळीने भरते. गळीत हंगाम तोंडावर आहे, म्हणून त्याआधी हे लिहीत आहोत.

सुरुवात ताकदीपासून करू, कारण घोटाळा तिथेच होतो. विकणारा हॉर्सपॉवर सांगतो, घेणारा तोच आकडा मित्रांना सांगतो. डिझेलमध्ये आधी पाहायचा तो पीळ, म्हणजे टॉर्क. बीएमडब्ल्यू ५३०डी मधले तीन लिटरचे, सहा सिलिंडरचे बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे निकष) इंजिन मिनिटाला २,००० ते २,५०० फेऱ्यांवर ६२० न्यूटन मीटर देते. मर्सिडीजच्या बीएस-६ ई३५०डी मध्ये ६०० आहे आणि ते १,२०० फेऱ्यांपासूनच हाती येते. चार सिलिंडरच्या ई२२०डी किंवा ३२०डी मध्ये ४००. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत काम केलेल्या माणसाला हे एका वाक्यात समजेल: मीटरभर लांबीचा पाना नटाला लावून त्याच्या टोकाला ६३ किलोचे पोते टांगले तर नटावर जो पीळ येईल, तो ६२० न्यूटन मीटर. हा पीळ २,००० फेऱ्यांवर मिळतो, म्हणजे तिथेच १३० किलोवॅट, सुमारे १७५ हॉर्सपॉवर हजर असते. बाराशे सीसीचे साधे बिनटर्बो पेट्रोल इंजिन त्याच फेऱ्यांवर २५-३० हॉर्सपॉवरच्या आसपास असते. जोर हवा तर त्याला किंचाळेपर्यंत ताणावे लागते. डिझेलला ताणायचे नसते. ४,००० च्या पुढे नेऊन आवाज वाढतो, ओढ उलट कमी होते.

तवंदी घाट निपाणीकडून चढताना हा फरक कळतो. पाच माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन २,१०० किलो धरा, चढ पाच टक्के, वेग ८०. नुसते वर उचलायला सुमारे २३ किलोवॅट लागतात. वारा आणि टायरचे घर्षण धरून एकूण ३५ च्या आसपास. इंजिनाकडे याच्या तिप्पट-चौपट शिल्लक आहे, म्हणून गिअरबॉक्स सहाव्या-सातव्या गिअरातून खाली उतरतही नाही. काटा १,५०० च्या आसपास, आत बोलणे ऐकू येते आहे, आणि शेजारची गाडी तिसऱ्या गिअरात घुसमटते आहे. मोठ्या डिझेलचे सुख हे. सपाट महामार्गावर आठव्या गिअरात ताशी १०० ला इंजिन जेमतेम १,४०० फेरे घेत असते. संकेश्वर ते कोल्हापूर हा पल्ला संपला तरी चालकाचे खांदे भरून येत नाहीत.

आता याच सुखाची दुसरी बाजू. टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा, धुराच्या जोरावर फिरतो. १,२०० फेऱ्यांच्या खाली धूर कमी, म्हणून ओढही कमी. चालक ॲक्सिलरेटर दाबतो, अर्धा-पाऊण सेकंद काही होत नाही, तो आणखी दाबतो, आणि मग सगळा पीळ एकदम येतो. वळणावर, ओल्या रस्त्यावर, मागची चाके ओढणाऱ्या गाडीत हा क्षण धोक्याचा. आंबोलीच्या किंवा चोर्ल्याच्या वळणात शिरण्याआधीच गिअर खाली घ्यावा. स्टिअरिंगमागचे डावे पॅडल एक-दोनदा ओढले की फेरे १,८०० च्या जवळ येतात, टर्बो जागा होतो, आणि मग ॲक्सिलरेटर पावलाच्या पुढच्या भागाने हळूच दाबला तरी गाडी ताबडतोब, पण सारखी ओढते. वळणाच्या मध्यावर गिअर बदलायची वेळ येऊ देऊ नये. सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन जड असते आणि ते पुढे असते. वळणात वेगाने शिरले तर नाक बाहेरच्या बाजूला सरकते. वेग आधी कमी करायचा, वळण सरळ होऊ लागले की ओढ द्यायची. उलटे केले की गाडीतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सांभाळून घेते खरी, पण टायरची पकड संपल्यावर तिच्याही हाती फारसे उरत नाही.

ओव्हरटेक हा आमच्या मते सर्वांत गैरसमजाचा विषय. खानापूर–लोंढ्याकडच्या किंवा जांबोटीच्या दुपदरी रस्त्यावर मोठी गाडीवाला म्हणतो, ताकद आहे, निघून जाईन. हिशेब करून पाहू. पुढे ४० च्या वेगाने १२ मीटर लांबीचा उसाचा ट्रक आहे. आपण १५ मीटर मागून निघणार, १५ मीटर पुढे जाऊन आपल्या बाजूला येणार, आपली गाडी ५ मीटर. म्हणजे ट्रकच्या तुलनेत ४७ मीटर जास्त जायचे. दुपदरी रस्त्यावर केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे कारला कमाल ७०, तेव्हा ४० वरून ७० पर्यंतच वेग वाढवायचा. दमदार सेडानला याला सुमारे ७ सेकंद लागतात. तिच्या निम्म्या जोराच्या गाडीला साडेआठ. फरक दीड सेकंदाचा. समोरून कुणी ६० ने येत असेल तर दमदार गाडीला किमान २४० मीटर मोकळा रस्ता दिसायला हवा, दुसरीला २८० मीटर. इतकी ताकद विकत घेऊन फायदा झाला तो ४० मीटरचा, आणि जांबोटीच्या पुढे अशी वळणे आहेत की १०० मीटरही दिसत नाही. ताकदीने नजर लांबत नाही. शिवाय हा हिशेब टर्बो आधीच जागा आहे असे धरून केला आहे. गाडी ‘डी’ मध्ये पाचव्या गिअरात १,१०० फेऱ्यांवर रेंगाळत असेल तर किकडाउनमध्ये, म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर गिअर आपोआप खाली येण्यात, सेकंदभर जातो, आणि ते दीड सेकंद जवळपास तिथेच संपतात. म्हणून ट्रकमागे असतानाच स्पोर्ट मोड किंवा तिसरा गिअर घ्यावा, उजवे इंडिकेटर द्यावे, नजर पुढे स्पष्ट पोचली तरच बाहेर निघावे.

उताराबद्दल जुन्या लॉरीवाल्यांचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे: ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा. मोठ्या डिझेल सेडानला हा नियम लागू करू नका. ती सहाव्यात चढते, आणि सहाव्यात उतरली तर इंजिन तिला अजिबात रोखत नाही. मुळात डिझेलला पेट्रोलसारखा हवेचा पडदा आवळून इंजिन-ब्रेक मिळत नाही, म्हणून त्याच फेऱ्यांवर त्याची रोखण्याची शक्ती कमी. त्यात काही गाड्यांत इको मोडमध्ये ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की गिअरबॉक्स इंजिनापासून सुटतो आणि गाडी न्यूट्रलसारखी घरंगळते. डिझेल वाचावे म्हणून ती सोय आहे, घाटासाठी नाही. उतार लागण्याआधी इको बंद, गिअर हाताने, आणि तीव्र उतारात तिसरा किंवा दुसरा, इंजिन २,५०० ते ३,५०० फेऱ्यांवर. आवाज वाढतो, प्रवासी विचारतात काय झाले. काही झालेले नसते. इंजिन ओझे पेलते आहे.

हे न करता नुसत्या ब्रेकवर उतरले तर काय होते? २,१०० किलोची गाडी घाटमाथ्यावरून ६०० मीटर खाली आणायची म्हणजे सुमारे १२० लाख ज्यूल उष्णता कुठेतरी जायला हवी. एवढ्या उष्णतेत ३५ लिटर गार पाणी उकळते. ती सगळी चार डिस्कमध्ये कोंडली की पॅड गुळगुळीत होतात, जळकट वास येतो, आणि शेवटी ब्रेक ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होऊन पेडल मऊ पडते. डॉट-४ ऑइल नवे असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असे मानक आहे. ओल शोषून घेतल्यावर ही हमी १५५ अंशांवर येते. कणकुंबी-जांबोटीच्या पावसाळी हवेत वर्षानुवर्षे तेच ऑइल ठेवणे म्हणजे घाटातला ब्रेक आधीच अर्धा गमावणे. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला, गाडी कमी चालली असली तरी. उतारात ब्रेकवर पाय टेकवून ठेवू नका. जोरात दाबा, वेग उतरवा, सोडा, डिस्कला वारा लागू द्या. तवंदी घाटात निपाणीकडे उतरताना मागून येणाऱ्या भरल्या ट्रकचाही विचार हवा. त्याचे ब्रेक तुमच्यासारखे नाहीत, तेव्हा त्याच्या पुढ्यात अचानक थांबू नका.

रात्रीचा विषय वेगळा सांगायला हवा. या गाड्यांच्या आत शांतता इतकी की ताशी १०० ही ६० वाटते. जुलै २०१९ नंतरच्या गाड्यांत ८० ला इशारा वाजतो, तो बंद करून घेण्याचे उद्योग करू नका. लो बीमचा उपयोगी उजेड ५०-६० मीटरचा. कोरड्या रस्त्यावर ८० च्या वेगात, एक सेकंद भान यायला धरून, गाडी थांबते ५३ मीटरवर. १२० ला १०० मीटरहून जास्त लागतात. डिसेंबरच्या रात्री चिकोडी–संकेश्वर रस्त्यावर दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर उभा असतो, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. तो ५० मीटरवर दिसतो. ब्रेक कितीही चांगले असले तरी १२० च्या गाडीला ते ५० मीटर पुरत नाहीत. गळीत हंगामात रात्री ८० च्या वर जाऊ नये, आणि समोर वाहन नसेल तेव्हा हाय बीम वापरावा. फडातून निघालेल्या ट्रॅक्टरची चाके डांबरावर काळी माती सोडतात. सकाळच्या दवात ती साबणासारखी होते. इंजिनाचा ४०० ते ६०० न्यूटन मीटर पीळ मागच्या चाकांवर जाणाऱ्या गाडीने असल्या रस्त्यावर ॲक्सिलरेटर नरम ठेवावा, आणि स्लिप कंट्रोलचे बटण बंद करण्याचा हट्ट तर नकोच.

एवढे रस्त्याचे झाले. आता गाडीच्या पोटातले. इथेच सर्वांत जास्त पैसा जातो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले, डिझेलमधले गंधक ५० वरून १० पीपीएमवर आले आणि सायलेन्सरमध्ये डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी, बसली. काही मोठ्या आयात गाड्यांत ती आधीपासूनच होती. गाळणी भरत आली की गाडी स्वतःच जास्तीचे डिझेल सोडून धूर सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवते आणि काजळी जाळते. याला गाडी गरम आणि सलग चालती हवी. टिळकवाडीतून कॅम्पात, कॅम्पातून शहापूरला, दर वेळी चार-पाच किलोमीटर, मध्ये रेल्वे गेटला थांबणे. असे महिनाभर केले की इंजिन एकदाही नीट तापत नाही, जाळण्याचे काम सुरू होते आणि अर्ध्यात तुटते. जे जास्तीचे डिझेल जळायला सोडले होते ते सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळत तळाच्या ऑइलमध्ये उतरते. म्हणून ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. पातळ झालेले ऑइल बेअरिंग आणि टर्बो खाते. लगेच बदला.

जाळण्याचे काम चालू आहे हे ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत: उभ्या गाडीचे फेरे नेहमीपेक्षा थोडे वर, क्षणिक खर्चाचा आकडा वाढलेला, स्टार्ट-स्टॉप चालेनासे, तापल्याचा वास, आणि बंद केल्यावर पंखा जोरात फिरत राहणे. अशा वेळी इंजिन बंद करू नका. शक्य असेल तर गाडी महामार्गावर काढा. काकती सोडून हत्तरगीच्या दिशेने, किंवा उलट हिरेबागेवाडीकडे, पाचव्या-सहाव्या गिअरात इंजिन २,००० च्या आसपास ठेवून वीस-पंचवीस मिनिटे. आठव्या गिअरात १,२०० वर रमतगमत गेले तर धूर तापत नाही. आठवड्यातून एकदा एवढे केले तर बहुतेक गाड्यांची गाळणी त्रास देत नाही. टाकीत डिझेल पाव भागाहून कमी असेल तर काही गाड्या हे काम सुरूच करत नाहीत, हेही लक्षात असावे. काजळी जळते, राख जळत नाही. राख इंजिन ऑइलमधून येते, म्हणून कमी राखेचेच ऑइल घालायचे: बीएमडब्ल्यूसाठी एलएल-०४, मर्सिडीजसाठी २२९.५१ किंवा २२९.५२, फोक्सवॅगन-स्कोडा-ऑडीसाठी ५०७. डब्यावर हा आकडा नसेल तर ऑइल कितीही महाग असो, नको. सहा सिलिंडरला साडेसहा-सात लिटर लागते. पुस्तकात १५,००० किलोमीटर किंवा त्याहून जास्त लिहिलेले असते. आपल्या धुळीत आणि छोट्या फेऱ्यांत ८,००० ते १०,००० ला बदलावे.

काही गॅरेजांत गाळणी पोकळ करून संगणकातून तिचे नाव पुसून देतात. हे बेकायदा आहे, आणि त्या काळ्या धुराचा बारीक कण फुप्फुसात खोल उतरतो. एवढी मोठी गाडी घेऊन मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर काजळी सोडणे शोभत नाही. गाळणी भरली तर आधी कारण शोधा: गळका इंजेक्टर, अडकलेला ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) व्हॉल्व्ह, तापमान न चढू देणारा बिघडलेला थर्मोस्टॅट, चुकीचा दाब सांगणारा सेन्सर. थर्मोस्टॅट हा स्वस्त भाग. तो उघडा अडकला की इंजिन ९० अंशांपर्यंत पोचतच नाही आणि गाळणी बदलूनही तीच तक्रार परत येते. तो धूर गार करणाऱ्या ईजीआर कूलरकडे विशेष लक्ष द्या. बाहेर गळती नसताना कूलंट कमी होत असेल तर कूलर आतून फुटलेला असू शकतो; कूलंट आणि काजळीचा चिकट थर पेट घेऊ शकतो. चेसिस नंबर देऊन रिकॉलचे, म्हणजे कंपनीने गाड्या परत बोलावून करून द्यायचे, काम झाले आहे का, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारता येते. वापरलेली गाडी घेणाऱ्याने हे विचारलेच पाहिजे.

डीईएफ किंवा ॲडब्लू म्हणतात ते धुरातले घातक वायू कमी करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचे युरियाचे ३२.५ टक्के द्रावण. हजार किलोमीटरला साधारण एक ते दोन लिटर जाते. संपत आले की मीटरवर उरलेले किलोमीटर मोजून दाखवले जातात आणि शून्य झाल्यावर गाडी एकदा बंद केली की परत सुरू होत नाही. चोर्ल्याच्या माथ्यावर, मोबाइलला रेंज नसताना, हे कळणे वाईट. आयएसओ २२२४१ लिहिलेला, तारीख ताजी असलेला डबा घ्या. उन्हात ठेवलेला नको. शेतीचा युरिया पाण्यात कालवून घालणारे आहेत. त्यातल्या अशुद्धीने नोझल आणि उत्प्रेरक दोन्ही जातात. आणि डीईएफ डिझेलच्या टाकीत पडले तर स्टार्टचे बटण दाबूच नका, गाडी ओढून न्या. पेट्रोल पडले तरी तेच. या गाड्यांचा उच्च दाबाचा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो. इंजेक्टरला २,००० बारच्या आसपास, काहींत २,५०० बार दाब असतो. पेट्रोल किंवा पाणी गेले की पंप घासतो, लोखंडाचा कीस सगळ्या इंजेक्टरांत जातो, आणि मग टाकीपासून रेलपर्यंत, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीपर्यंत, सगळे उतरवावे लागते. रस्त्याकडेला स्वस्तात मिळणारे ‘बायो’ नावाचे इंधन याच कारणासाठी टाळा. डिझेल फिल्टर २०,००० किलोमीटरला बदला.

टर्बोबद्दल एवढेच: सतत नरम चालवल्याने त्याच्या आतल्या हलत्या पात्या काजळीत अडकतात. इंजिन पूर्ण तापल्यावर अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर दोन-तीन वेळा ३,००० पर्यंत नेणे त्याला औषधासारखे आहे. थंड इंजिनावर मात्र हे कधीच नको. घाट चढून आल्यावर शेवटचे दोन किलोमीटर शांत चालवा आणि मिनिटभर थांबून बंद करा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल ‘आयुष्यभराचे’ असे सांगतात. झेडएफच्या आठ गिअरच्या बॉक्सचा निर्माता स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला बदलायला सांगतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात धक्के येऊ लागल्यावर बदलण्यात अर्थ नाही.

पाण्यात घालू नका, हे वेगळे सांगायला नको असे वाटते, पण दर पावसाळ्यात दूधगंगा-वेदगंगेवरचे कमी उंचीचे पूल बुडतात आणि कुणी ना कुणी गाडी घालतो. डिझेलमध्ये पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा फार कमी असते. पेलाभर पाणी आत गेले तरी ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात यमगर्णीजवळ महामार्गच बंद होता. त्या पुरांत कोल्हापूर-सांगलीकडे भिजलेल्या गाड्या नंतर बाजारात आल्या नसतील असे धरून चालू नका. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, डिकीतला गालिचा उचला, सीटच्या रुळांचा गंज पाहा, बॅटरीशेजारच्या खाचेत गाळ शोधा. स्कॅनर लावून गाडीतल्या प्रत्येक मॉड्यूलमध्ये (छोट्या संगणकात) नोंदलेले किलोमीटर वेगवेगळे वाचता येतात, गाळणीतली राखही वाचता येते. मीटर मागे फिरवला असेल तर तिथे उघडा पडतो. एमएच-०९ किंवा एमएच-१२ ची गाडी इथे बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर कलम ४७ प्रमाणे केए-२२ किंवा केए-२३ चा नंबर घ्यावा लागतो, त्याआधी मूळ आरटीओची ना हरकत लागते, आणि कर्नाटकाचा आजीवन कर महाग गाड्यांना जबर आहे. तो धरूनच किंमत ठरवा. सीमेपलीकडची गाडी स्वस्त दिसते ती बऱ्याचदा एवढ्यामुळेच.

टायर बहुधा रन-फ्लॅट. हवा गेल्यावर ८० किलोमीटर अंतर, ताशी ८० च्या आत, एवढी मुदत. चोर्ल्यातून साखळी किंवा बेळगाव दोन्ही गाठता येते. पण त्यांच्या कडा ताठ असतात आणि खड्ड्यात आपटल्या की आतून तुटून फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही.

शेवटी दोन मागण्या. पहिली गतिरोधकांची. इंडियन रोड्स काँग्रेसचे आयआरसी-९९ हे मानक सांगते: उंची १० सेंटिमीटर, लांबी ३.७ मीटर, वर्तुळाची त्रिज्या १७ मीटर. तीन मीटर चाकांतराची लांब सेडान या उंचवट्यावर आली तर तिच्या पोटाला साडेसहा सेंटिमीटर जागा पुरते. आपल्या गावागावांत दीड फूट रुंद आणि वीतभर उंच बांध घातले आहेत. त्यावर उंचीची सगळी वीत पोटाला लागते. ऑइल पॅन फुटतो, रुग्णवाहिकेतला रुग्णही उडतो. मानकाप्रमाणे बांधा, पांढरे पट्टे मारा, ४० मीटर आधी फलक लावा. तोवर असा बांध गाडी थोडी तिरकी घेऊन, एकेक चाक चढवत ओलांडावा.

दुसरी साखर कारखान्यांकडे. वजनकाट्यावर ट्रॉली घेताना मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी आणि चालू दिवा आहे का एवढे पाहूनच पावती द्यावी. पट्टीला काही शे रुपये लागतात. ती दोन्ही ट्रॉल्यांच्या मागे आणि बाजूंना, बाहेर आलेल्या उसाने झाकली जाणार नाही अशा उंचीवर लावावी, आणि बंद पडलेल्या ट्रॅक्टरमागे किमान ५० मीटरवर त्रिकोण ठेवावा. दगड ठेवून नंतर तो तिथेच सोडून जाण्याची पद्धत तर याच हंगामापासून थांबवावी.

आपले,
बेळगाव, खानापूर व निपाणी परिसरातील काही डिझेल मेकॅनिक आणि चालक